कोंबडा घेऊन कणकवलीला

...आणि वर मलाच विचारतात, "काय रे लवू, तू अजून इथेच?" आता इथेच म्हणजे काय, विहिरीवर कळशी घेऊन उभा आहे तो मी नाही तर कोण आहे? सकाळी सकाळी माणूस दिसला की रामराम करावा, दोर कोणी तोडला म्हणून विचारावं, नाहीच काही सुचलं तर दोन शिव्या घालाव्यात, ते राहिलं बाजूला. डोळे फाडून बघत बसतात, गेलेला माणूस परत आल्यासारखे. तसं कोणी येत नाही हो. मी वाट बघून सांगतोय.

तुम्हाला सांगतो, जायचं की राहायचं, एवढं तर ठरवायचं होतं. त्यात काय एवढं? लोक तिकडे दिल्लीत बसून अख्ख्या राज्यांच्या हद्दी ठरवतात, कोण कुठे जाणार, कोणाचं गाव कोणाकडे राहणार, आणि मला काय हलवायचं होतं? एक माझं बोचकं, एक वहिनीची ट्रंक आणि एक कोंबडा. मरोळहून उचलायचं, कणकवलीला ठेवायचं. झालं. पण नाही ठरलं. कोंबड्यावर अडलं.

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्ही म्हणाल हा वेडा आहे. तसं सगळेच म्हणतात, पण निदान नीट ऐकून म्हणा.

आम्ही राहतो मरोळला. अंधेरी स्टेशनावरून कुर्ल्याच्या रस्त्याने आत यायचं, भाताची शेतं लागतात, मग गावठाणातला क्रूस लागतो, त्याच्या मागे जोसेफीनबायची चाळ. चाळ म्हणजे काय, कौलारू खोल्यांची एक ओळ आणि पुढे तिच्या कोंबड्या. त्यातल्या शेवटच्या खोलीत दादा, वहिनी आणि मी. दादा म्हणजे दत्ताराम, माझा मोठा भाऊ. साबणाच्या कारखान्यात होता. अंगाला कायम साबणाचा वास, आंघोळ न करता पण आंघोळ केल्यासारखा वाटायचा. आईबाप मी लहान असतानाच गेले, तर मला गावाहून आणला त्याने, शाळेत घातला त्याने, आणि मी शाळेतून पळालो तेव्हा मास्तरांची माफी मागितली ती पण त्यानेच. माझं सगळं तोच ठरवायचा. केस कधी कापायचे ते पण. परवा न्हाव्याने विचारलं, "बारीक करू का?" आणि मी नुसता त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. मला काय माहीत? हे कधी मला कोणी विचारलंच नव्हतं.

ह्या आषाढात दादाला ताप आला. वहिनी म्हणाली उतरेल, जोसेफीनबाय म्हणाली उतरेल, डॉक्टर म्हणाला उतरेल. दादा स्वतः म्हणाला, "अरे उतरेल, तू कामावर जा." मी गेलो कामावर... जाऊ दे. तो भाग मला सांगता येत नाही. तुम्ही समजून घ्या.

तर कणकवली. दादाच्या मनात कधीपासून होतं की ही नोकरी सोडायची आणि कणकवलीला एसटी स्टँडाजवळ चहाचं दुकान टाकायचं. आमची वाडी तिथून चालत जाण्यासारखी. वहिनीच्या हातचा खाजा असा की माणूस गाडी चुकवून खात बसेल. आमचा काशीराममामा तिकडे असतो, त्याला जागा बघायला सांगितली होती. आणि जागा मिळाली. मिळाली कधी, तर दादा तापाने पडला त्याच आठवड्यात. बोला आता.

आता कोंबड्याचं. आमच्याकडे वाडीच्या वेशीवर एक राखणदार आहे. देऊळ नाही, मूर्ती नाही, एक दगड आणि एक आंबा, पण सगळ्या वाडीवर त्याची नजर. त्याला नवस बोलायचा तर कोंबड्याचा. म्हणायचं, देवा महाराजा, माझं अमुक काम कर, मी तुला कोंबडा देईन. काम झालं की तोच कोंबडा न्यायचा, त्या दगडासमोर... आणि मग संध्याकाळी वडे. आणि नवस फिटेपर्यंत तो कशासाठी बोलला ते कोणाला सांगायचं नाही, हा नियम. सांगितलं तर नवस बाटतो.

तर एके दिवशी दादा जोसेफीनबायकडून एक पिल्लू घेऊन आला. एवढंसं, मुठीत मावणारं. म्हणाला, "हा राखणदाराचा." कशासाठी, ते काही बोलला नाही. बोलायचंच नसतं. पण विचारायला कशाला पाहिजे? दुकानाच्या जागेसाठी धडपड चालली होती, घरात दुसरी बोलणीच नव्हती. मला दिवस पक्का आठवतो, कारण त्याच दिवशी मी वर्सोव्याहून परत आलो होतो. वर्सोव्याला का गेलो होतो? कोळी व्हायला. हसू नका. आदल्या दिवशी मी कामाला असतो त्या सायकलच्या दुकानात मालकाशी वाजलं, म्हटलं ह्याच्या पंक्चरना आग लागो, आपण समुद्रावर जाऊ. एका होडीवाल्याने घेतला पण मला. खाडीचं तोंड ओलांडलं आणि माझ्या पोटातलं सगळं वर आलं, तो म्हणाला, "पोरा, आम्ही मासे बाहेर काढतो, तू भलतंच काढतोस." दुपारी किनाऱ्यावर आणून टाकला मला. घरी आलो तर दादाने माझ्याकडे बघितलं, पायात चपला घातल्या, बाहेर गेला आणि पिल्लू घेऊन आला. मी म्हटलं, बरं झालं, कोंबड्याच्या नादात माझी बोलणी टळली.

पिल्लाचा कोंबडा झाला. तांबडा, मान अशी ताठ, चालणं असं की जणू सगळी चाळ ह्याच्या हाताखाली कामाला आहे. दादा त्याला साहेब म्हणायचा. "साहेब जेवले का? साहेबांना उन्हात बसू द्या." आणि साहेबांची खोड सांगू? इतर कोंबडे पहाटे आरवतात. आमचा कारखान्याच्या भोंग्याला आरवतो. संध्याकाळचा भोंगा झाला की हा पंख झाडणार, एक बांग देणार आणि गल्लीच्या तोंडापाशी क्रूसाजवळ जाऊन उभा राहणार. दादा यायचा, खिशातून चणे काढायचा, एक ह्याला, एक स्वतःला, एक ह्याला, असे दोघे घरी.

अजून जातो तो. भोंगा झाला की क्रूसाजवळ. सगळी पाळी सुटून माणसं निघून जातात, हा उभा. तो तिथे का जातो ते तुम्हाला कळलंच असेल. आणि मी? मी कोंबड्याला आणायला जातो. दुसरं काही नाही.

तर तुम्हाला सांगतो, जायचं की राहायचं, एवढं तर ठरवायचं होतं. पावसाळा संपत आला, बंद असलेल्या कोकणच्या बोटी सुरू झाल्या आणि पहिल्या बोटीने काशीराममामा हजर. आला, वहिनीसमोर थोडं रडला, चहा प्यायला आणि माझ्यावर सुटला. "मेल्या, जागा माझ्या बापाशीची नाय हा, तुझी वाट बघीत रिकामी ठेवूक. दसऱ्याच्या आत येतस तर ये, नायतर दुसऱ्याक देतंय." मी म्हटलं, मामा, विचार करतो. "इचार? तू? तू कधीपासून इचार करूक लागलंस?" आणि जाता जाता दारातल्या साहेबांकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि ह्यो कोंबो घेऊन ये. दत्तारामाचो नवस पुरो झालो, जागा गावली. देवाचा ठेवून घेऊ नये."

झालं. म्हणजे जायचं, तर साहेबांना टोपलीत घालायचं आणि त्या दगडासमोर न्यायचं. आणि राहायचं, तर देवाचं ठेवून घ्यायचं, दुकान सोडायचं, आणि वहिनीने इथे दुसऱ्यांची भांडी घासायची. मधला रस्ता आहे का? तुम्हाला दिसला तर सांगा, मला दिसला नाही. आणि हे बोलायचं कोणापाशी? वीस वर्षांचा बाप्या माणूस, मिशी फुटलेला, तो काय सांगणार का, की मला कोंबडा मारवत नाही म्हणून मी कणकवलीला जात नाही? लोक काय म्हणतील? वहिनी काय म्हणेल? नवरा गेला तिचा, आणि मी कोंबड्याचं रडगाणं लावू?

म्हणून मी काय केलं, सकाळी म्हणायचो जातो, संध्याकाळी भोंगा झाला की म्हणायचो राहतो. सकाळी गेलो माणिकशेठकडे. माणिकशेठ म्हणजे सायकलवाले, माझे मालक. म्हटलं, शेठ, मी नोकरी सोडली. ते ट्यूबला सोल्युशन लावत होते, मान वर केली नाही. "लिहून दे." मी म्हटलं, लिहायला आलं असतं तर पंक्चर काढली असती का? "मग राहा नोकरीत." म्हणजे बघा, नोकरी सोडायला पण शिक्षण लागतं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, शेठ, मी जात नाही, इथेच आहे. ते म्हणाले, "मला माहीत आहे, पंप आण." तिसऱ्या दिवशी परत सांगितलं जातो, तर म्हणाले, "जा, पण जाताना चहा सांगून जा आणि येताना ब्रेकच्या तारा आण."

पण चाळीतले लोक असे नाहीत ना. चाळीतल्यांनी मनावर घेतलं. एका रविवारी निरोप द्यायचा ठरवला. सतरंजी घातली, भजी केली, जोसेफीनबायने मोठं पातेलं भरून मैद्याचे फुगे तळले, असे गोल गोल, गरम गरम. मला हार, वहिनीला नारळ. जोसेफीनबाय उठून बोलली, "दत्ताराम माझ्या पोरासारखा होता. लवू पण पोरासारखाच आहे, पण वाया गेलेल्या." सगळे हसले आणि मग सगळेच रडले. मी पण रडलो. सगळ्यांच्या पाया पडलो. ज्यांच्याशी भांडणं होती ती मिटवली. ज्याचा स्क्रू ड्रायव्हर वर्षभर माझ्याकडे होता त्याला परत दिला. असा निरोप तुम्ही बघितला नसेल.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर मी.

काय झालं सांगू? निघायचं म्हणून टोपली आणली. साहेबांना हाक मारली. आले. नेहमी इकडेतिकडे पळतात, त्या दिवशी सरळ आले आणि टोपलीत जाऊन बसले. वर तोंड करून माझ्याकडे बघतायत. चण्यासाठी. मला सांगा, पळाला असता तर मी धावून धरला असता, दोन चोची खाल्ल्या असत्या, रागाच्या भरात कोंबला असता आत. पण स्वतःहून बसलेल्याला काय करायचं? मी टोपली उलटी केली, त्याला बाहेर काढला आणि वहिनीला म्हटलं, माझ्या पोटात दुखतंय. वहिनीने ट्रंक सोडली, तवा बाहेर काढला, भाकऱ्या टाकल्या.

मग चाळीत काय झालं असेल? एकाने नारळ परत मागितला. म्हणाला, "गेला नाहीत तर नारळ कसला?" वहिनीने तोपर्यंत वाटून आमटीत घातला होता, तर त्याला वाटीभर आमटी दिली. स्क्रू ड्रायव्हर मी परत मागायला गेलो तर दार लावून घेतलं. आणि जोसेफीनबाय कमरेवर हात ठेवून उभी. "लवू, मी तुझ्यासाठी रडले की रे. आता खरंच जाशील तेव्हा मी डोळ्यांतून काय काढू?" वर आणि ह्या खोलीसाठी तिच्याकडे विक्रोळीच्या कारखान्यातलं एक बिऱ्हाड येऊन गेलं होतं. "त्यांना काय सांगू? हो सांगू की नाही सांगू?" मी म्हटलं, बाय, थोडं थांब. ती म्हणाली, "थांबते. पण काय अडलंय ते तर सांग."

आणि मग मी तिला सांगितलं. तिला सांगायला काय जातंय, तिचा देव वेगळा. तर ती म्हणाली, "एवढंच? अरे माझ्याकडे तसाच तांबडा आहे, भाऊच तो ह्याचा, एकाच खुराड्यातला. तो घेऊन जा, साहेबाला माझ्याकडे ठेव. देवाला सांग, मरोळचाच आहे."

झकास. मी म्हटलं, बाय, तू माझी आई. धावत घरी आलो, आता सुटलं म्हटलं. तेवढ्यात भोंगा झाला. साहेबांनी बांग दिली आणि चालले क्रूसाकडे. मी मागून चाललोय, आणि चालता चालता डोक्यात आलं... मी कणकवलीला, हा इथे. रोज भोंगा होणार. रोज हा इथे येऊन उभा राहणार. मग ह्याला घरी आणायला कोण येणार?

खाली बसलो तिथेच क्रूसापाशी. लाज सोडून रडलो, तुम्हाला सांगतो. कोंबडा एकीकडे, मी एकीकडे. पाळी सुटलेली माणसं बाजूने जातायत, सगळ्यांच्या अंगाला तोच साबणाचा वास.

मान वर केली तर समोर वहिनी उभी. मोडक्या छत्रीची काठी हातात, कोंबड्याला हाकायला आणली असेल नाहीतर मला. ती फार बोलत नाही. दादा गेल्यापासून तर नाहीच. म्हणाली, "भावजी, आज माका खरा सांगा. आपण कित्याक जाऊक नाय?"

मी म्हटलं, पोटात...

"पोट खड्ड्यात घाला तुमचा. तुमका मुंबई सोडवत नाय, ह्या माका ठावक हा. म्हणान मी गप रवलंय. तुमचा वय हा, तुमका हयच बरा वाटता, मी कशाक ओढूचा तुमका तिकडे? सांगून टाका. मी मामाक नाय म्हणान कळवतंय."

आता बघा. ती माझ्यासाठी गप्प. मी तिच्यासाठी गप्प. आणि मधे कोंबडा चणे शोधतोय. मी म्हटलं, वहिनी, मला मुंबई नको. मला दुकान पाहिजे, दादाने सांगितलेलं. पण ह्याला मारवत नाही मला. आणि नवस तर पुरा झालाय, जागा मिळालीय, आता तो दगड सोडणार आहे का?

तिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती हो, हसत होती. दादा गेल्यापासून पहिल्यांदा हसली ती, आणि कोणाला हसली, तर मला. म्हणाली, "कोणी सांगल्यान तुमका नवस दुकानाचो म्हणान?"

मी म्हटलं, मग?

"सांगूचो नसता. पण आता सांगतंय, देवाक मी बघून घेईन. तुमी त्या वर्सोव्यासून ओकान ओकान ईलात, त्या दिवशी ह्येनी देवापुढे वात लावली आणि गाऱ्हाणा घातला. देवा म्हाराजा, ह्या माज्या भावाची अक्कल ठिकाणार हाड. ह्येका एका जाग्यार थार कर. मग कोंबो तुजो."

म्हणजे कळलं का तुम्हाला? दुकानासाठी नाही. नोकरीसाठी नाही. देवासमोर उभा राहिला, हात जोडले आणि मागितलं काय, तर ह्या लवूला अक्कल येऊ दे, हा एका जागी टिकू दे. स्वतःसाठी काही नाही. अरे दादा, स्वतःसाठी एखादा नवस बोलला असतास तर... दोन कोंबडे पाळले असते आपण. चाळभर पाळले असते.

मग मी हळूच विचारलं, वहिनी, म्हणजे हा नवस... पुरा झालाय का?

तिने मला खालून वर बघितलं. रस्त्यात मांडी घालून बसलेला, नाक वाहतंय, शर्टाची गुंडी खालीवर, नोकरी तीनदा सोडून तीनदा धरलेला, निरोपाची भजी खाऊन न गेलेला. म्हणाली, "नाय. अजून खूप लांब हा."

तर आता बांधाबांध झालीय. उद्याची बोट. विक्रोळीचं बिऱ्हाड खोली बघून गेलं. माणिकशेठनी ह्या वेळी लिहून मागितलं नाही, स्वतःच्या हाताने जुना पंप दिला, म्हणाले तिकडे पण सायकली असतील. जोसेफीनबाय म्हणाली बोट सुटल्याचं कानावर येऊ दे, मग रडते, उगाच आधी नको. साहेब टोपलीत बसलेत, चण्यांची पुडी सोबत घेतलीय.

पण तुम्हाला सांगतो, हे जरा हळू बोलूया. तिकडे गेलो, दुकानात नीट बसलो, चार माणसं म्हणायला लागली की दत्तारामाचा भाऊ सुधारला, एका जागी टिकला, की साहेबांचं संपलं. राखणदाराचं सगळीकडे लक्ष असतं. तेव्हा माझं आणि वहिनीचं असं ठरलंय की मी अधूनमधून दुकानाबाहेर उभं राहून ओरडायचं, मला हे दुकान नको, मी चाललो परत मुंबईला. आणि तिने आतून चांगलं मोठ्याने म्हणायचं, ह्या माणसाक अक्कल कधी येतली. पार वेशीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे. दादाने देवाला शब्द दिलाय, तो मोडायचा नाही. पुरा करायचा पण नाही. आता आयुष्यभर हेच काम, आणि तुम्ही म्हणता लवूला जबाबदारी नाही.

म्हणून हा असा बोचक्यावर बसलोय, मांडीवर टोपली आहे, बोटीची तिकिटं वहिनीच्या पदराला बांधलेली आहेत. पण कोणी येऊन विचारलं ना, काय रे लवू, शेवटी चाललास का, तर माझं उत्तर एकच. अजून तसं काही ठरलेलं नाही.